ओटा फोडू नका, खिडकी उघडा

पत्र (थोडं कमी करून):

नमस्कार. आम्ही तुमसर तालुक्यातल्या एका गावात राहतो. मागच्या वर्षी कवेलूचं जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा केला, सांदवाडीत बोअर मारली. मध्यंतरी मोबाईलवर एक व्हिडिओ आला. ग्रॅनाइटमधून रेडॉन नावाचा किरणोत्सारी गॅस निघतो, बोअरच्या पाण्यातही असतो आणि त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, असं त्यात सांगितलं आहे. तेव्हापासून माझी झोप उडाली. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, मँगनीजच्या खाणीत खाली उतरून काम करायचे. आता रिटायर आहेत. बिडी ओढतात. तीन महिन्यांपासून त्यांचा खोकला सुटत नाही. घरात दोन लहान लेकरं आहेत, आम्ही सगळे खालीच अंथरूण टाकून झोपतो. एक जण घरी येऊन सांगून गेला की त्याच्याकडे रेडॉन ओढून घेणारं यंत्र मिळतं, बावीस हजार रुपये. यांचं म्हणणं, ओटाच फोडून टाकू. काय करावं?
– एक वाचक भगिनी

ताई,

ओटा फोडू नका. यंत्राचे पैसे कुणालाही देऊ नका. आणि मामाजींना याच आठवड्यात दवाखान्यात न्या. तुमच्या पत्रात घाईची गोष्ट कुठली असेल तर ती मामाजींचा खोकला आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो, ते आधी वाचलंत तरी चालेल.

तुमची भीती उगीच आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. रेडॉन खरा आहे आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो हेही खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. बिडी-सिगारेटचा धूरही त्याच गटात आहे. व्हिडिओवाल्याने गोष्ट खरी उचलली, पण बोट भलतीकडे दाखवलं.

रेडॉन मुख्यतः येतो तो घराखालच्या जमिनीतून. खडकात, मातीत सगळीकडे युरेनियम अगदी थोडं असतंच. ते अब्जावधी वर्षं हळूहळू विघटत राहतं. त्याचं पुढे रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतली बाकीची मूलद्रव्यं घन, त्यामुळे ती जिथल्या तिथे खडकात राहतात. रेडॉन तेवढा वायू, म्हणून तो भेगांतून आणि मातीच्या कणांमधून वाट काढत वर येतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. साधारण ३.८ दिवसांत त्यातला अर्धा संपतो. उघड्यावर आला की वाऱ्यात विरून जातो, म्हणून धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला त्याचं भय नाही. कोंडलेल्या खोलीत मात्र तो साठत जातो.

माणसाला हा वायू सापडला १९०० च्या सुमारास. माणसं त्याने मरत होती ती त्याच्या किती तरी आधीपासून. जर्मनीत सॅक्सनीमध्ये श्नेबर्ग नावाचं खाणींचं गाव आहे आणि डोंगराच्या पलीकडे, आजच्या चेक प्रजासत्ताकात, याखिमोव्ह. दोन्हीकडे चांदीच्या खाणी होत्या. याखिमोव्हला वैद्यकी केलेल्या ॲग्रिकोला या विद्वानाचा खाणकामावरचा मोठा ग्रंथ १५५६ मध्ये छापून निघाला. त्यात त्याने लिहिलं आहे की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींकडे अशा बायका आहेत ज्यांना एकामागून एक सात नवरे करावे लागले, कारण प्रत्येकाला खाणीत जडणाऱ्या छातीच्या दुखण्याने नेलं. खाणीच्या गावात सून म्हणून आलेल्या तुमच्यासारखीला त्या बायकांचं दुःख मी वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हा आणि पुढची तीनशे वर्षं दोष दिला गेला तो धुळीला. दगडाची धूळ, आर्सेनिकची धूळ. १८७९ मध्ये हेर्टिंग आणि वाल्थर हेस या दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या मेलेल्या खाणकामगारांची शवविच्छेदनं करून दाखवून दिलं की ही फुप्फुसातली कर्करोगाची गाठ आहे, आणि तिथल्या खाणकामगारांचे सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू तिच्यामुळेच होतात. (याच हेसच्या बायकोने, फॅनीने, पुढे प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी 'अगर' नावाची समुद्री शेवाळाची जेली वापरायची कल्पना सुचवली. आज जगातल्या प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती चालते. तिचं नाव फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून सांगितलं.) रोग ओळखला, पण कारण हातात नव्हतं. किरणोत्सर्ग म्हणून काही असतो हेच कळायला अजून सतरा वर्षं होती.

मग १८९९ साल, कॅनडातलं मॉन्ट्रियल, मॅकगिल विद्यापीठ. अर्नेस्ट रदरफर्ड आणि त्यांचे सहकारी ओवेन्स थोरियमचा किरणोत्सर्ग मोजत होते. युरेनियम ठेवलं की आकडा स्थिर राहायचा. थोरियम ठेवलं की कधी वर, कधी खाली, काही केल्या जमेना. ओवेन्सच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेचं दार कुणी उघडलं, वाऱ्याची झुळूक आत आली, की आकडा पडतो. डबा बंद करून ठेवला की पुन्हा चढतो. रदरफर्डनी त्यातून ताडलं की थोरियममधून काही तरी किरणोत्सारी वायू निघतो आहे आणि वारा तो उडवून नेतो आहे. तो रेडॉनचाच एक प्रकार होता, मिनिटाभरात अर्धा होणारा. १९०० मध्ये जर्मनीतल्या हाले इथे फ्रीडरिश डोर्न यांना रेडियममधूनही तसाच वायू निघताना दिसला, आणि घराघरात येतो तो हाच. १९०१ मध्ये रदरफर्ड आणि त्यांची विद्यार्थिनी हॅरिएट ब्रुक्स यांनी तो हवेत किती वेगाने पसरतो हे मोजून तो खरोखरचा, जड वायू असल्याचं दाखवलं. रॅम्झे आणि ग्रे यांनी १९१० पर्यंत त्याच्या नखभरही नसलेल्या नमुन्याचं वजन करून घनता काढली. रेडॉन हे नाव ठरलं ते १९२३ मध्ये.

मी मुद्दाम त्या दारापाशी थांबलो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. नुसत्या दार उघडण्याने ज्याचा आकडा पडला, त्याला घालवायला बावीस हजारांचं यंत्र कशाला?

आता तो इजा कशी करतो ते बघा, कारण इथेच बिडीचा संबंध येतो. रेडॉन स्वतः कशाशीच संयोग पावत नाही. श्वासाबरोबर आत गेला तसा बहुतेक बाहेर येतो. पण तो विघटला की त्याचं पोलोनियम होतं, तेही किरणोत्सारीच, पण घन. ते हवेतल्या धुळीच्या, धुराच्या कणांना चिकटतं, श्वासातून आत जातं आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतं. तिथे बसून ते अल्फा कण, म्हणजे किरणोत्सर्गाचे सूक्ष्म कण, सोडतं. अल्फा कण इतके दुबळे की साधा कागद त्यांना अडवतो, आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरही अडवतो. पण श्वासनलिकेत असा थर नाही, तिथे थेट जिवंत पेशी असतात. खरा मार बसतो तो या पोलोनियमचा, वायूचा नव्हे, हे विल्यम बेल यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं. श्नेबर्गच्या रोगाचं कोडं तेव्हा कुठे नीट सुटलं.

तरीही हा खाणीतलाच प्रश्न समजला जायचा. घरातही तो असू शकतो हे जगाला कळलं १९८४ च्या डिसेंबरात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात एक अणुवीज केंद्र बांधलं जात होतं. तिथले एक इंजिनीअर, स्टॅन्ली वॉट्रस, बाहेर पडताना फाटकावरचा किरणोत्सर्गाचा अलार्म वाजायचा. केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं. एके दिवशी ते आत आले आणि काम न करताच परत फिरले, तरी अलार्म वाजला. म्हणजे माणूस हे घरूनच घेऊन येत होता. घर तपासलं तर एका घनमीटर हवेत सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन निघाला. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू विघटणं. कुटुंबाला घर सोडावं लागलं. घराखालची हवा पाइपने ओढून बाहेर काढायची सोय केली, तेव्हा ते परत राहायला आले.

या एक लाखाशेजारी बाकीचे आकडे ठेवून बघा. जगातल्या घरांची सरासरी आहे ४० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं की घरात १०० च्या खाली ठेवा, जमलंच नाही तर निदान ३०० च्या वर जाऊ देऊ नका. युरोपातल्या तेरा अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. हे १६ टक्के कशावर वाढतात, तिकडे लक्ष द्या. कधीच न ओढणाऱ्या माणसाचा मूळ धोका फार लहान, त्यात १६ टक्क्यांची भर पडली तरी तो लहानच राहतो. बिडी ओढणाऱ्याचा मूळ धोकाच मोठा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रेडॉनचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा ओढणाऱ्याला २५ पट असतो.

आता तुमच्या घराकडे येऊ. अकोला, अमरावती, यवतमाळचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टवर वसला आहे, त्यात युरेनियम फारच कमी. तुमच्याकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत, खालचा खडक फार जुना, ग्रॅनाइट आणि नाइसचा. त्यात ते तुलनेने जास्त असतं. त्यामुळे तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत. पण खडकाइतकंच घरावरही अवलंबून असतं. थंड देशांत अर्धं वर्ष घर गच्च बंद, खाली तळघर, आत हीटर. गरम हवा वर चढते आणि जमिनीतली हवा घरात ओढली जाते. आपल्याकडे जोत्यावर घर, पुढे सपरी, दिवसभर दार सताड उघडं.

एक बदल मात्र तुम्ही स्वतः केला आहे. कवेलूच्या घराला छतातूनच हवा मिळत होती, फटीफटीतून. स्लॅबला फट नाही. बांधताना स्लॅबखाली झरोके ठेवले का? ठेवून मग डास येतात म्हणून पुठ्ठ्याने बुजवले का? बुजवले असतील तर पुठ्ठे काढा आणि जाळी बसवा. झोपायच्या खोलीला समोरासमोर दोन उघड्या जागा हव्यात, म्हणजे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाते. फरशीत भेगा असतील, नळाचा पाइप जमिनीतून वर येतो तिथे गोल फट राहिली असेल, तर सिमेंटने भरून घ्या. खाली झोपता म्हणून घाबरायचं कारण नाही, हलत्या हवेत रेडॉन खोलीभर सारखाच पसरतो. उन्हाळ्यात खिडकीत कूलर लावता ना, तो बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे खोलीतली हवा सतत बदलत राहते. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, नाही तर कूलरही नीट गार करत नाही. जपायचं ते हिवाळ्याच्या रात्री, सगळं बंद करून झोपतो तेव्हा. झरोका तेव्हाही उघडाच असू द्या, आणि बंद खोलीत शेगडी पेटवून तर कधीच झोपू नका. तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड एका रात्रीत जीव घेतो. रेडॉनला वर्षं लागतात.

ओट्याचं सांगायचं तर, ती गुळगुळीत, पातळ फरशी आहे. तिच्यातून निघून निघून किती निघणार? त्यातही बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा दगड असतो आणि त्यात युरेनियम खऱ्या ग्रॅनाइटपेक्षाही कमी. तुमच्या पायाखालच्या जमिनीपुढे ओट्याची गणती नाही. पाट्यावर वाटा, लेकरांना बाजूला बसवून जेवू घाला. घर राखेच्या विटांचं असेल तर त्याचीही काळजी नको. राखेचे कण काचेसारखे असतात, त्यांच्यातून रेडॉन सहसा बाहेर पडत नाही.

बोअरच्या पाण्यात रेडॉन विरघळलेला असू शकतो, खोल खडकातल्या पाण्यात तो असतोच थोडाफार. नदी-तलावाच्या पाण्यात नसल्यासारखा. पण पाणी टाकीत पडताना उसळलं, एखादा दिवस हवेशीर राहिलं, की बराचसा उडून जातो. उकळल्यावर जवळपास सगळाच. न्हाणीघराला खिडकी असली म्हणजे झालं. त्याच बोअरमध्ये मला जास्त काळजी वाटते ती फ्लोराइडची. ते उकळून जात नाही, आणि चंद्रपूर-यवतमाळकडच्या कित्येक गावांत त्याने लेकरांचे दात पिवळे-तपकिरी आणि म्हाताऱ्यांची हाडं वाकडी केली आहेत. पाण्याची बाटली भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर त्या बोअरचं पाणी प्यायचं बंद करा, धुण्याभांड्याला चालेल.

आणि ते यंत्र. तो माणूस घरी आला तेव्हा त्याने तुमच्या घरातला रेडॉन मोजला का? मोजल्याशिवाय कमी किती झाला हे तो कशाच्या आधारावर सांगणार? मोजायची पद्धत साधी आणि बिनविजेची आहे. एका छोट्या कपात खास प्लॅस्टिकच्या फिल्मचा तुकडा असतो, तो खोलीत तीन महिने टांगून ठेवतात. अल्फा कण फिल्मवर बारीक ओरखडे पाडतात, मग ती रसायनात धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते ओरखडे मोजतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि देशातल्या अनेक विद्यापीठांनी अशीच घरं तपासली आहेत. तुम्हाला मनाच्या समाधानासाठी मोजून हवंच असेल तर नागपूरच्या विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र विभागात चौकशी करा. एका दिवसात आकडा सांगणाऱ्यावर निर्णय घेऊ नका, कारण रेडॉन दिवसरात्रीत आणि ऋतूनुसार बराच वरखाली होतो. या वायूच्या नावावर पूर्वीही धंदा झाला आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत रेडियमचा दगड बसवलेले माठ विकायचे, पाण्यात रेडॉन उतरतो आणि तो शक्तिवर्धक असतो म्हणून. लोकांनी पैसे मोजून ते पाणी प्यायलं. आज त्याच्याच भीतीवर पैसे मागतात. तुमचे बावीस हजार मामाजींच्या तपासणीला लागू शकतात, हात आवरा.

आता मामाजी. मँगनीजची खाण म्हणजे युरेनियमची खाण नव्हे. तरी जमिनीखालच्या कुठल्याही खाणीत हवा कोंडली तर रेडॉन साठू शकतो. त्यांना किती लागला हे आज कुणीच मोजू शकत नाही, आणि उपचारासाठी त्याची गरजही नाही. खाणीत ड्रिलची धूळ होती, घरी आल्यावर बिडी. तीन महिन्यांच्या खोकल्यामागे क्षयरोग असू शकतो, सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने फुप्फुसाला जडणारा आजार, असू शकतो, दोन्ही एकत्र असू शकतात, आणि कर्करोगही असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. छातीचा एक्स-रेही काढून घ्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: खाणीत किती वर्षं, ड्रिलवर होते की भरणीवर, बिडी दिवसाला किती. वजन उतरलं असेल, थुंकीत रक्त दिसलं असेल, आवाज बसला असेल तर तेही सांगा.

एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगतो. एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे क्षयाचं औषध सुरू होतं, आणि पुष्कळदा ते बरोबरच असतं. पण कर्करोगाचा डागही तसाच दिसू शकतो, आणि टीबीच्या गोळ्या खाण्यात मोलाचे महिने निघून गेलेली माणसं आपल्या भागात आहेत. थुंकीत जंतू सापडले नसतील आणि औषधाने दोन महिन्यांत फरक पडला नसेल, तर गप्प बसू नका, सीटी स्कॅनबद्दल विचारा. नागपूरला पाठवा म्हणा. सुनेने डॉक्टरांना प्रश्न विचारले तर कुणाचाही अपमान होत नाही.

बिडी सुटली पाहिजे, आणि ती घरात तर आजपासून बंद. लेकरांच्या खोलीत धूर नको. चुलीवर अजून पाणी तापवत असाल तर चूल बाहेर काढा, चुलीचा धूरही फुप्फुस खातो. मामाजींना सांगताना 'म्हातारपणी कशाला सोडायची' हे ऐकावं लागेल. सोडल्याचा फायदा सत्तरीतही होतो. मात्र बिडी सोडून खर्रा धरला, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार होऊ देऊ नका, त्याने तोंडाचा कर्करोग होतो. तंबाखू सोडवायला सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. यांना सांगा की ओटा फोडायला लावणार होते तेवढा वेळ वडिलांशेजारी बसून तो फोन लावून द्यावा.

दवाखान्यात जाताना सगळे कागद एका पिशवीत ठेवा. खाणीतलं जुनं ओळखपत्र, पगाराची एखादी पावती, आधीचे एक्स-रे सापडले तर तेही त्यातच घाला. सिलिकोसिस हा खाण कायद्याखाली कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. तो निघाला तर डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या, कारण नुकसानभरपाईचा अर्ज करायचा झाला तर हेच कागद लागतील.